पीएचडीचा गाईड निवडताना एच इंडेक्स बघायचा का? (आणि मग महाडच्या बावस्कर डॉक्टरांचं काय?)

मधुमालती७
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या बहिणीच्या मुलीचा आहे, मी नुसती पोस्टमन. पोरगी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झाली, फेलोशिप पण मिळाली, आणि आता दोन ठिकाणी पीएचडीला घ्यायला तयार आहेत. एका सरांचे गूगल स्कॉलरवर साडेतीनशेच्या वर पेपर दिसतात, एच इंडेक्स ५२. दुसऱ्या मॅडमचे चाळीस-बेचाळीस पेपर, एच इंडेक्स १७. आमचे भावोजी बँकेतले, ते म्हणतात यात विचार काय करायचाय, हा सिबिल स्कोअरच की, ५२ म्हणजे ५२. पोरीला मॅडमकडे जावंसं वाटतंय पण का ते तिला नीट सांगता येत नाहीये, म्हणून घरात रोज रात्री जेवताना यावर परिसंवाद.
मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझं माहेर महाडकडचं. आमच्याकडे विंचू चावला की बावस्कर डॉक्टर हे लहानपणापासून ऐकलंय, २०२२ ला त्यांना पद्मश्री पण मिळाली. तर माझ्या मनात सहज आलं, त्यांचा एच इंडेक्स काय असेल? आणि तो समजा फार नसेल, तर हा आकडा नक्की मोजतो तरी काय?

गप्पिष्ट
मी आधी एचबीएवनसी (ती डायबेटिसवाली तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट) वाचलं. ५२ ऐकून घाबरलोच, म्हटलं माणूस जिवंत आहे ना :))

टेस्टट्यूब
ताई, सोपं आहे. समजा एका माणसाचे सहा पेपर आहेत आणि ते दुसऱ्यांनी आपापल्या पेपरात किती वेळा उद्धृत केले, म्हणजे सायटेशन किती, ते असं: ९०, ४०, १२, ६, ५, ३. पाचव्या पेपरला निदान ५ सायटेशन आहेत, सहाव्याला ६ नाहीत. म्हणजे निदान पाच-पाच सायटेशन असलेले पाच पेपर, झाला एच इंडेक्स ५. आता मजा बघा, पहिल्या पेपरला ९० च्या जागी ९००० झाले तरी हा पाचच राहणार.
हे काढलं हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने, २००५ मध्ये, आणि दोन-चार वर्षांत जगातल्या सगळ्या कमिट्यांनी उचललं कारण कमिटीला एकच आकडा हवा असतो. हा आकडा कधी कमी होत नाही, माणूस रिटायर झाला तरी वाढत राहतो. त्यामुळे सरांची तीस वर्षं झाली असतील आणि मॅडमची बारा, तर ५२ आणि १७ शेजारी ठेवून काहीच कळत नाही. आधी पहिला पेपर कुठल्या साली ते बघा.

कॅल्क्युलेटर
आता 'आकडे निरुपयोगी' वाल्यांची मिरवणूक निघणार, त्याआधी बोलून घेतो. आकडे नव्हते तेव्हा काय होतं? साहेबांचा माणूस, आपल्या जातीचा, आपल्या गावचा. आकड्याला निदान तोंड बघून वागता येत नाही. ज्याचा एच इंडेक्स ५२ आहे त्याने तीस वर्षं काहीतरी काम केलंय एवढं तरी नक्की ना?

डॉ_रानमेवा
बावस्करांचं नाव निघालं म्हणून लिहितो, मी कोकणातच प्रॅक्टिस करतो.
लाल विंचू सगळ्यांनाच मारतो असं नाही, बऱ्याच जणांना नुसती प्रचंड कळ येते आणि दुसऱ्या दिवशी माणूस बरा. पण काहींना, विशेषतः लहान मुलांना, विष अंगात भिनलं की शरीरातली ॲड्रेनलीनसारखी रसायनं एकदम सुटतात. पोराला दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, बीपी वर, नाडी धावतेय, आणि मग काही तासांत फुप्फुसात पाणी. सत्तरच्या दशकात हे पोर हातातून जायचं कारण नक्की काय होतंय हेच कुणाला धड माहीत नव्हतं, ॲट्रोपीन, स्टिरॉईड, जे कपाटात असेल ते द्यायचे आणि त्यातल्या काहींनी अपायच व्हायचा. हा माणूस बिरवाडीच्या पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि नंतर महाडला पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत राहिला. कुठली लक्षणं आधी येतात, कोण वाचतं, कोण जातं. त्यातून १९८२ ला लँसेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये पेपर. मग प्राझोसिन, म्हणजे बीपीची एक साधी स्वस्त गोळी, तिने आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. ती दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. हे १९८६ ला परत लँसेटमध्ये. यात लॅब कुठे आहे? यंत्र कुठे आहे?
आता सायटेशनचं. हा पेपर उद्धृत कोण करणार? विंचवावर पेपर लिहिणारे जगात किती? थोडे भारतात, थोडे मोरोक्को-ट्युनिशिया, इराण, ब्राझील, मेक्सिको. बोस्टनमध्ये कुणाच्या चपलेत लाल विंचू निघत नाही. आणि जो मेडिकल ऑफिसर रात्री दोन वाजता ती गोळी देतो तो पेपर लिहीत नाही, तो ड्यूटी संपवून झोपतो. वापर झाला, सायटेशन शून्य.

माईंची_लेक
रानमेवा, काय लिहिलंय!! _/\_

खानदेशी_तडका
आमच्याकडे विंचू उतरवणारे एक बाबा होते, पायरीवर बसवून मंत्र म्हणायचे आणि तांब्यातलं पाणी शिंपडायचे, पेशंट बरा होऊन चालत घरी. त्यांचा सक्सेस रेट लँसेटवाल्यांपेक्षा जास्त होता म्हणे.

डॉ_रानमेवा
@खानदेशी_तडका वर लिहिलंय ना, बरेच जण आपोआप बरे होतातच. त्यांचं श्रेय बाबांना, आणि ज्याला खरंच विष भिनलं तो दगावला तर म्हणायचं उशिरा आणलात. असा सक्सेस रेट मी पण काढून दाखवतो. कांदा, चुना, मंत्र काही करू नका, घाम सुटला आणि हातपाय गार लागले की सरळ दवाखाना. एवढं बोलून धाग्यावर येतो.

गप्पिष्ट
कंट्रोल ग्रुप नव्हता हो बाबांकडे.

कॅल्क्युलेटर
रानमेवांचा प्रतिसाद सुंदरच. पण तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. बावस्करांचं म्हणणं जगाने का ऐकलं? ते लँसेटमध्ये आलं म्हणून. नुसतं महाडात बसून पेशंट बरे केले असते तर चिपळूणलाही कळलं नसतं. म्हणजे पब्लिकेशन रेकॉर्ड महत्त्वाचा आहेच. आणि ते थांबले नाहीत हे पण लक्षात घ्या. २०११ ला बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी स्वतःच्याच प्राझोसिनची ट्रायल छापली, एका गटाला नुसतं प्राझोसिन आणि दुसऱ्याला सोबत विंचवाचं प्रतिविष (विष मारणारं इंजेक्शन), ३५-३५ पेशंट. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिविषवाल्या गटात ३२, नुसत्या प्राझोसिनवाल्यात ८. स्वतःचंच औषध एकटं कमी पडतं हे स्वतःच लिहायला धमक लागते. प्रतिविष कुठलं, तर आपल्या मुंबईच्या हाफकिनचं.

डॉ_रानमेवा
मान्य आहे. मी पब्लिकेशनच्या विरोधात नाहीच. छापणं वेगळं आणि ते किती जणांनी उद्धृत केलं ते मोजून माणसाची किंमत ठरवणं वेगळं.

वाचनवेडा_कोल्हापूर
यावरून शंभूनाथ डे आठवले. कलकत्त्याचे पॅथॉलॉजिस्ट. कॉलऱ्याचा जंतू स्वतः आतड्यात घुसून नासधूस करत नाही, तो एक विष सोडतो आणि त्या विषाने जुलाब होतात, हे त्यांनी सशाच्या आतड्याला गाठी मारून, त्या बंद तुकड्यात जंतू गाळून काढलेलं पाणी सोडून दाखवलं. आतडं फुगलं पाण्याने, जंतू एकही नाही. नेचर या मोठ्या विज्ञान जर्नलमध्ये छापलं, १९५९. जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉख १८८४ ला कलकत्त्यात येऊन गेला तेव्हापासून विष असावं असा अंदाज होता, सिद्ध होत नव्हतं.
सुरुवातीला त्या पेपराकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९७८ ला नोबेल सिंपोझियमला त्यांना बोलावलं, जोशुआ लेडरबर्ग या नोबेलवाल्या शास्त्रज्ञाने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. आपल्याकडे मात्र एकाही विज्ञान अकादमीने फेलो केलं नाही. १९८५ ला गेले. आणि १९८६ ला त्यांच्या कामावर मोठा लेख लिहिला कुणी? यूजीन गारफिल्डने. सायटेशन इंडेक्स ही भानगड ज्याने सुरू केली तोच हा गारफिल्ड! कॉलऱ्याच्या संशोधनाचा सायटेशन नकाशा काढला आणि त्यात डेंचा पेपर मैलाचा दगड म्हणून दाखवला. म्हणजे आकड्यांनीच शेवटी न्याय दिला, पण सत्तावीस वर्षांनी. प्रमोशनची फाईल इतकी थांबत नाही.

सिंधुदुर्ग_एक्सप्रेस
कॅटलिन कॅरिको पण त्यातलीच. एमआरएनए वर ग्रँट मिळेना म्हणून १९९५ ला पेनसिल्व्हेनियात तिला खालच्या पदावर आणलं, २००५ ला तिचा आणि वाइसमनचा पेपर आला तेव्हा फार कुणी विचारलं नाही, मग कोविड आला, लशी एमआरएनए वरच निघाल्या, २०२३ ला दोघांना नोबेल.

कॅल्क्युलेटर
नोबेलवाल्यांची उदाहरणं देऊन भाचीचा गाईड कसा ठरणार? दर कमी सायटेशनवाल्यामागे एक शंभूनाथ डे दडलेला नसतो हो. बहुतेक पेपर वाचले जात नाहीत कारण ते वाचण्यासारखे नसतात.

टेस्टट्यूब
हे खरंय :) पण उलटंही खरंय. जगात सगळ्यात जास्त उद्धृत झालेला पेपर कुठला माहितीये? लाउरीचा, १९५१, प्रथिनं मोजायची पद्धत. ३ लाखांच्या वर सायटेशन. लाउरी स्वतःच म्हणायचा की हे काही माझं थोर काम नाही. आम्ही एमएस्सीला निळा रंग आला की नंबर लिहायचो आणि त्याला सायटेशन द्यायचो.
आणि सायटेशन म्हणजे शाबासकी असं पण नाही. वेकफिल्डचा तो १९९८ चा लँसेटमधला पेपर, एमएमआर लस (गोवर-गालगुंड-रुबेलाची) आणि ऑटिझमचा संबंध लावणारा. २०१० ला लँसेटने मागे घेतला. हजाराच्या वर सायटेशन आहेत त्याला, आणि बहुतेक 'हे असं करू नका' म्हणून दिलेली. स्कॉलर दोन्ही सारखीच मोजतो.

झाडीपट्टीची_पोर
आमच्या गडचिरोलीचं कुणी घेतलं नाही म्हणून येते. बंग दांपत्याचा १९८९ चा लँसेटमधला पेपर, दोन गावांतल्या बायकांची तपासणी, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे फक्त कुटुंबनियोजन आणि बाळंतपण. आणि १९९९ चा पेपर, गावातलीच बाई शिकवून नवजात बाळाची घरी काळजी, ३९ गावांत हे केलं, ४७ गावांत नाही, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. याला सायटेशन भरपूर आहेत हं, पण मला वाटतं खरं सायटेशन म्हणजे आमच्या वहिनी. आशा आहेत त्या. बाळ जन्मलं की ठरलेल्या दिवशी पिशवी घेऊन घरी जातात, वजनकाटा अडकवतात, श्वास मोजतात, काखेत थर्मामीटर. २०११ पासून हे सरकारी काम म्हणून देशभर. त्यांना विचारलं लँसेट काय, तर म्हणतात कुणाची लॅपटॉपची कंपनी आहे का :)

दुपारची_झोप
मेडिकल कॉलेजात नोकरी करणारी म्हणून बोलते. आमच्याकडे प्रमोशनला पेपर लागतात म्हणून पेपर होतात. कुठल्याशा वर्षी नियम आला की पहिले दोनच लेखक धरणार, मग पहिल्या दोन जागांसाठी जी भांडणं झाली ती लग्नाच्या मानपानात पण होत नाहीत. नाव घेत नाही पण आमच्या विभागात एक जण होते त्यांचं नाव प्रत्येक पेपरवर, विषय काही असो. एकदा व्हायव्हाला त्यांच्याच पेपरवर प्रश्न विचारला गेला तर म्हणाले हे विद्यार्थ्याचं काम आहे.
आणि व्हॉट्सअपवर तर सरळ मेसेज येतात, 'स्कोपस जर्नल, सेकंड ऑथर पोझिशन अवेलेबल'. स्कोपस म्हणजे जर्नलांची एक मान्यताप्राप्त यादी, आणि हे फ्लॅट बुकिंग सारखं.

वाचनवेडा_कोल्हापूर
@दुपारची_झोप दुसरं टोक पण आहे. दिल्लीच्या एका गटाने २०१६ ला मोजलं होतं, देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ मधून दहा वर्षांत एकही पेपर नाही. एकही. त्यापुढे बिरवाडीची पीएचसी किती भारी वाटते बघा.

दुपारची_झोप
त्यांचं पण ऐका की. ओपीडीला दिवसाला दोनशे पेशंट, रेसिडेंट कमी, सकाळी सही करायला रांग. पेपर कधी लिहिणार? मी त्या ३३२ ना शिव्या देणार नाही.

कॅल्क्युलेटर
बावस्करांकडे पण पेशंटच होते ना?

दुपारची_झोप
बावस्कर सगळ्यांना होता येत नाही, म्हणूनच तर धागा निघाला.

अटलांटाची_आई
कुणी नावाचा घोळ काढला नाही अजून? माझे पहिले पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या, त्यात एका जर्नलने वडिलांचं नाव आडनाव समजून छापलं. म्हणजे मी तीन बायका आहे आणि तिघींचा एच इंडेक्स किरकोळ. ऑर्सिड नंबर, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक, २०१२ ला सुरू झाला, त्यानंतर जरा सुधारलं, पण जुनं कुणी जोडत बसत नाही. उलटा प्रकार एस. पाटील, एस. जोशी, ए. कुलकर्णी यांचा. गूगल स्कॉलर आपोआप पेपर गोळा करतो आणि माणसाने प्रोफाईल साफ केलं नाही तर जगातले सगळे एस. पाटील एकाच्या खात्यात जमा. मधुमालतीताई, त्या सरांचं आडनाव सांगू नका, पण कॉमन आहे का?

मधुमालती७
अगं कॉमन म्हणजे काय, आमच्या बिल्डिंगमध्येच तीन आहेत. थांब, पोरीला बघायला सांगते.

गप्पिष्ट
बावस्करांना या बाबतीत आडनावाचा फायदा आहे. पण घरात दोन आहेत, मिसेस पण डॉक्टर आणि सहलेखिका.

खानदेशी_तडका
इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे हेच का?

टेस्टट्यूब
नाही, तो जर्नलचा. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन. एका कॅन्सरच्या जर्नलचा तर काही वर्षी पाचशेच्या वर गेला होता कारण ते दरवर्षी कॅन्सरची आकडेवारी छापतं आणि कॅन्सरवर लिहिणारा जो तो पहिल्याच वाक्यात ती देतो. म्हणून त्या जर्नलमधला प्रत्येक लेख थोर होतो का? २०१२ ला सॅन फ्रान्सिस्कोत जीवशास्त्रवाल्यांनी जाहीरनामाच काढला की जर्नलच्या आकड्याने माणूस मोजू नका. सह्या पुष्कळांनी केल्या. इंटरव्ह्यूत अजून विचारतात.

मधुमालती७
मंडळी, तुम्ही खरंच ग्रेट आहात. पोरीने रात्री बसून सरांचं प्रोफाईल चाळलं. त्यात सिमेंटमध्ये फ्लाय ॲश घालण्यावर पेपर, उसावरच्या लोकरी माव्यावर पेपर, आणि एक सहकारी पतसंस्थांच्या थकबाकीवर!! भावोजी तो पतसंस्थांचा वाचत बसले. हे सगळे नावबंधू काढले, आणि उरलेल्यात बरेच असे की लेखकांची यादीच दोन पानं, सर त्यात मध्ये कुठेतरी. तरी पण हे काढून सुद्धा काम चांगलं आहे म्हणते ती, आकडा चाळिशीत येईल असा तिचा अंदाज. म्हणजे सर काही बोगस नाहीत, उगाच गैरसमज नको.

कॅल्क्युलेटर
बघा. आकडा वाईट नव्हता, मोजणी वाईट होती.

अटलांटाची_आई
आता मूळ प्रश्नाचं, कारण मी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) निवडीच्या कमिटीवर बसलेय. आम्ही कँडिडेटच्या गाईडचा एच इंडेक्स बघत नाही. बघतो ते हे की पोरीचं नाव पहिलं असलेला पेपर आहे का, आणि गाईडने पत्र लिहिलंय ते तिला ओळखून लिहिलंय की नाव बदलून चिकटवलंय. तेव्हा तिला सांगा, दोघांच्या गेल्या सात-आठ वर्षांतल्या विद्यार्थ्यांची नावं काढ. प्रत्येकाचा पहिला लेखक म्हणून निदान एक पेपर आहे का? पीएचडीला किती वर्षं लागली? आता कुठे आहेत? आणि त्यातल्या दोघांना फोन कर, शक्यतो मधेच सोडून गेलेल्याला. तो खरं सांगतो.

झाडीपट्टीची_पोर
आणि मागे घेतलेले पेपर आहेत का ते पण बघ म्हणावं. रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस फुकट आहे, पबपीअर या साइटवर लोक छापलेल्या पेपरांतल्या चुका दाखवतात, तिथे पण नाव टाकून बघता येतं.

टेस्टट्यूब
मी थोडं उलट बोलतो. मोठ्या लॅबला नावं ठेवणं सोपं आहे. तिथे केमिकल वेळेवर येतं, फ्लो सायटोमीटर चालू असतो, सिक्वेन्सिंगला पैसे असतात, अडलं तर सीनियर असतो. छोट्या लॅबमध्ये मॅडम कितीही चांगल्या असल्या तरी अँटिबॉडी संपली आणि ग्रँट अडकली की पोरगी चार महिने डिस्टिल्ड वॉटर बनवत बसते.

मधुमालती७
फोन झाले. सरांकडची एक मुलगी म्हणाली सर फार हुशार, पण भेटतात महिन्यातून एकदा, रोजचं एक पोस्टडॉक बघतो, आणि तिचं सहावं वर्ष चालू आहे. मॅडमकडून पास झालेल्या चारही जणांचे पहिल्या नावाचे पेपर आहेत, त्यातला एक टीबीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर, तो भाचीने परवा ट्रेनमध्ये वाचला आणि तेव्हापासून त्याच्यावरच बोलतेय. मला वाटतं निर्णय तिथेच झालाय. भावोजी अजून १७ वर अडलेत, विचारत होते मॅडमचा अठरा कधी होईल.
मात्र टेस्टट्यूबनी म्हटलेलं ग्रँटचं कुणी विचारलेलंच नाही. ते मॅडमना कसं विचारायचं? उद्धटपणा नाही ना वाटणार?

टेस्टट्यूब
अजिबात नाही, चांगल्या गाईडला उलट बरं वाटतं. ईमेल करायला सांगा: सध्याचा प्रोजेक्ट कुठल्या एजन्सीचा, कधीपर्यंत आहे, आणि माझी फेलोशिप उशिरा आली तर त्यातून काही महिने भागेल का. फेलोशिपचे पैसे उशिरा येतात हो, ते भावोजींना आधीच सांगून ठेवा.